‘द अनआन्सर्ड क्वेश्चन’मधली तंतुवाद्यं कुणाचं ऐकतात?

प्रश्न असा आला आहे: ‘चार्ल्स आइव्ह्जची “द अनआन्सर्ड क्वेश्चन” तीन वेळा ऐकली. व्हायोलिनं जेमतेम ऐकू येतात, ट्रम्पेट बेसूर वाटतं, फ्लूट शेवटी किंचाळतात आणि रचना संपली असं वाटतच नाही. मी लहानपणापासून हिंदुस्थानी संगीत ऐकत आलो आहे. यात नेमकं काय ऐकायचं?’

तुमच्या चारही तक्रारी रास्त आहेत. तंतुवाद्यं खरंच कानाच्या कडेला राहतात, ट्रम्पेट खरंच त्यांच्या सुरात बसत नाही, फ्लूट खरंच किंचाळतात आणि शेवट खरंच लागत नाही. हे चारही आइव्ह्जने, या अमेरिकन रचनाकाराने, ठरवून केलेलं आहे. तेव्हा आपल्या कानाला बोल लावू नका. कान कुठे लावायचा, एवढंच बदलून पाहू.

मी व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं, खालच्या सुरातलं भावंड. ही रचना आजवर चार वेळा वाजवली आणि चारही वेळा श्रोत्यांना दिसले नाही. तंतुवाद्यं शक्य असल्यास रंगमंचाबाहेर बसवावीत, निदान ट्रम्पेट आणि फ्लूटपासून लांब ठेवावीत, अशी आइव्ह्जची सूचनाच आहे. दोनदा आम्ही विंगेत होतो, एकदा मागच्या पडद्याआड, आणि एकदा मेकअपच्या खोलीत, दार उघडं ठेवून. त्यामुळे हे उत्तर पडद्यामागून येतंय असं समजा. मला ही रचना उमगली तीही तिथेच.

आधी रचना कशी आहे ते थोडक्यात. एकूण पाच-सहा मिनिटांचा मामला. वाजवणारे तीन गट. पहिला तंतुवाद्यांचा, म्युट (आवाज दबवणारी चिमटी) लावलेला. तो पहिल्यापासून अखेरपर्यंत अगदी हळू आवाजात आणि एकाच संथ लयीत जी मेजर या पाश्चात्त्य स्वरपट्टीतल्या लांबलांब कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगुच्छ, वाजवत राहतो. चर्चमधली एखादी प्रार्थना दहापट सावकाश म्हणावी, तसं. दुसरा ‘गट’ म्हणजे एकटं ट्रम्पेट. ते पाच स्वरांचं एक वाक्य सात वेळा वाजवतं. तिसरा गट चार फ्लूटचा. तितके फ्लूटवादक मिळाले नाहीत तर दोन फ्लूट, एक ओबो आणि एक क्लॅरिनेट चालतं. ट्रम्पेटच्या पहिल्या सहा वाक्यांवर हा गट सहा वेळा उत्तर द्यायला धावतो. सातव्यांदा ट्रम्पेट विचारतं तेव्हा समोरून कुणी बोलत नाही.

आइव्ह्जने प्रत्येकाला भूमिकाही नेमून दिली आहे. तंतुवाद्यं म्हणजे ड्रुइडांचं मौन. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित. त्यांना काही ठाऊक नाही, काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. ट्रम्पेट विचारतं तो अस्तित्वाचा सनातन प्रश्न, आणि तो दर वेळी त्याच सुरात विचारायचा. फ्लूट अदृश्य उत्तराच्या शोधात निघतात. इथे स्वरलिपीच्या प्रस्तावनेत आइव्ह्ज लिहून जातो, ‘फ्लूट आणि इतर माणसं’. मला हे शब्द फार आवडतात. फ्लूट वाजवणाऱ्यांना त्याने वाद्यवृंदातून उचलून सरळ तुमच्या-माझ्यात आणून बसवलं.

आता ट्रम्पेटबद्दल. तुम्हाला ते बेसूर वाटलं ते का, हे घरच्या घरी तपासता येईल. घरात हार्मोनियम असेलच. पांढरी पाच सा धरा, कारण जी म्हणजे पांढरी पाच. कुणाला तरी सा आणि प, म्हणजे पांढरी पाच आणि पांढरी दोन, दाबून ठेवायला सांगा. मग मधल्या सप्तकात काळी पाच, तिच्या खाली काळी एक, मग पांढरी तीन वाजवा. तिथून एकदम वरच्या सप्तकातल्या काळी दोनवर उडी घ्या आणि पांढरी एकवर उतरा. झालं, प्रश्न विचारून झाला. स्वरांच्या भाषेत: कोमल ग, खाली तीव्र म, शुद्ध ध, वर उडी मारून कोमल ध, आणि शुद्ध म. शेवटचा स्वर मात्र प्रत्येक वेळी तोच नसतो. एका खेपेला पांढरी एक, तर दुसऱ्या खेपेला तिच्या लगतची पांढरी सात, म्हणजे शुद्ध ग, असा तो आलटून पालटून येतो.

आता हे स्वर पुन्हा एकदा मोजा. दोन्ही मध्यम आहेत, दोन्ही धैवत आहेत, आणि शेवट पांढरी सातवर झाला तर दोन्ही गंधारही येतात. सा नाही, प नाही. ज्या दोन स्वरांवर खालचा सगळा डोलारा उभा आहे, नेमके तेच दोन ट्रम्पेट टाळतं. शुद्ध धवरून कोमल धवर जायचं तर साधा रस्ता अर्ध्या स्वराचा, पण ते जवळजवळ अख्खं सप्तक ओलांडून वर जातं. त्यात हे वाक्य तंतुवाद्यांच्या ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मधून घसरत जातं. माझ्या मते तुमच्या कानाने केलेली तक्रार हीच या वाक्याची व्याख्या आहे: या स्वराला पाय टेकायला जमीन नाही.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला इथे तानपुरा आठवतोच. मलाही आठवला होता. माझी पहिली पाच-सात वर्षं गाण्यात गेली, त्यामुळे पहिल्या तालमीला मी मनात म्हटलं, तंतुवाद्यं म्हणजे तानपुरा आणि ट्रम्पेट म्हणजे गवई. ही उपमा अर्ध्या वाटेपर्यंत चालते. तानपुराही गायकाच्या मागे असतो, हळू असतो, गायक काय गातोय याने त्याचं वाजणं बदलत नाही. पण तानपुरा गायकाच्या षड्जात मिळवलेला असतो. गायक कितीही लांब फिरून आला तरी सा त्याची वाट बघत असतो, आणि समेवर दोघं भेटतात तेव्हा आपण ‘वाह’ म्हणतो. इथे ती भेट होत नाही. ट्रम्पेटला तो जी मेजर आपला वाटत नाही आणि तंतुवाद्यांना ट्रम्पेट आहे याचीच खबर नाही. शिवाय तंतुवाद्यांचे सूर तानपुऱ्यासारखे एका जागी थांबलेले नाहीत. कॉर्ड बदलतात, वरचा आवाज सावकाश खाली उतरतो, अख्खं आभाळ हळूच सरकल्यासारखं होतं. तानपुऱ्याच्या अपेक्षेने ऐकलंत तर सम आली नाही म्हणून चुकचुकत राहाल. एका गावात तीन घरांतून तीन आवाज एकाच वेळी येताहेत असं ऐका.

माझ्या लेखी या रचनेची आधुनिकता इथेच आहे. कर्कश स्वर पुढे सगळ्यांनीच लिहिले. १९०८ साली तिकडे व्हिएन्नात शोनबर्ग हा रचनाकार स्वतःच्या वाटेने जुन्या स्वरसंबंधांपासून दूर निघाला होता. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये आइव्ह्जने वेगळंच केलं. जुनं गोड जी मेजर जसंच्या तसं राहू दिलं, त्यावर त्याला न जुळणारं संगीत ठेवलं आणि दोघांना एकमेकांचं ऐकायला मनाई केली. मागचं आणि पुढचं, जवळचं आणि लांबचं, हे त्याच्याकडे सुरांइतकंच रचनेचं द्रव्य आहे. चांगल्या संचाचं रेकॉर्डिंग ऐकतानाही तंतुवाद्यं भिंतीपलीकडून येतात, ती याचमुळे.

हे त्याला सुचलं कुठून? बऱ्याच अंशी वडिलांकडून. चार्ल्सचा जन्म १८७४चा, कनेटिकटमधल्या डॅनबरी गावचा. वडील जॉर्ज आइव्ह्ज कॉर्नेट वाजवत. अमेरिकन यादवी युद्धात त्यांनी सैन्याचा बँड सांभाळला आणि नंतर गावाचा बँड चालवला. या माणसाला आवाजाचं विलक्षण कुतूहल होतं. मुलाला एका पट्टीत गायला लावायचं आणि आपण दुसऱ्याच पट्टीत साथ करायची, हा त्यांच्या घरचा रियाज. दोन बँड दोन दिशांनी वाजवत एकमेकांसमोरून नेले की मध्ये काय ऐकू येतं, तेही त्यांनी करून पाहिलं. स्वरांच्या मधल्या फटी ऐकण्यासाठी तारा ताणून एक उपकरण बनवलं. मुलगा येल विद्यापीठात शिकायला गेला आणि त्याच वर्षी, १८९४मध्ये, वडील वारले. ट्रम्पेट हे कॉर्नेटचं सख्खं भावंड. या रचनेत तो एकटा प्रश्न ट्रम्पेटच्याच तोंडी का दिला, याचं उत्तर मी तिथे शोधते. हा माझा तर्क आहे, पण ट्रम्पेटवादकाला मी तो सांगते आणि त्याने त्याचा आवाज बदलतो.

येलमध्ये होरेशिओ पार्कर या प्राध्यापकाने त्याला रीतसर जर्मन वळणाची विद्या दिली. १८९८मध्ये पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि विमा कंपनीत नोकरीला लागला. चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पैसे मिळवणाऱ्या या मुलाने १९०२मध्ये चर्चची नोकरी सोडली आणि पुढे संगीतातून पोट भरण्याचा विचारच केला नाही. ज्युलियन मायरिक या भागीदाराबरोबर त्याने आयुर्विम्याची एजन्सी उभी केली आणि ती देशातल्या मोठ्या एजन्सींपैकी एक झाली. एखाद्या कुटुंबाला किती रकमेचा विमा लागेल, हे कसं ठरवावं यावर त्याने एजंटांसाठी पुस्तिका लिहिली. रचना करायची ती संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. श्रोते नाहीत, समीक्षक नाहीत, तालमीला माणसं नाहीत. त्यामुळे कुणाला काय झेपेल याची काळजी करण्याचं कारणही नव्हतं. एवढी एकाकी मोकळीक फार थोड्या रचनाकारांच्या वाट्याला आली असेल. तिची किंमतही त्याने भरली. १९०८मध्ये लिहिलेली ही सहा मिनिटं जाहीर कार्यक्रमात वाजायला १९४६चा मे महिना उजाडला. न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, जुलियार्डच्या विद्यार्थ्यांनी ती वाजवली. रंगमंचावर एक कंडक्टर आणि आतल्या तंतुवाद्यांसाठी दुसरा. आइव्ह्ज तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता आणि नवीन लिहिणं थांबवून त्याला जवळजवळ वीस वर्षं झाली होती.

रचनेच्या नावाचा धागा इमर्सन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवी-विचारवंतापर्यंत जातो. त्याच्या ‘द स्फिंक्स’ या १८४१च्या कवितेत स्फिंक्स, म्हणजे कोडी घालणारी पुराणकथेतली प्राणी, माणसाला सांगते की अनुत्तरित प्रश्न तो तूच आहेस. आइव्ह्ज इमर्सनचा परम भक्त होता. त्याच्या दुसऱ्या पियानो सोनाटाच्या, ‘काँकॉर्ड सोनाटा’च्या, पहिल्या भागाचं नावच ‘इमर्सन’ आहे. आणि हा इमर्सन म्हणजे भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतराची पारायणं करणारा, ‘ब्रह्म’ नावाची कविता लिहिणारा. आपल्याकडचा खरा दुवा आहे तो एवढाच, आणि तो इमर्सनच्या वाचनातून आलेला आहे. तो ताणून या रचनेला ‘उपनिषदांचं संगीत’ म्हणणारे लोक मला भेटतात. तसं म्हणू नये. डॅनबरीचं चर्च आणि गावचा बँड बाजूला ठेवले तर हातात काही उरत नाही.

आता फ्लूट. तुम्हाला ते किंचाळणं खटकलं, पण त्याआधीची पाच उत्तरं पुन्हा नीट ऐका. पहिलं उत्तर शहाण्या माणसासारखं आहे. हळू, थोडं चाचपडत, तरी सभ्यपणे. दुसरं थोडं घाईत. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत ते एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. लय अदाज्योपासून (संथ) चढत चढत प्रेस्टोपर्यंत (अतिजलद) जाते, आवाज त्याबरोबर चढतो, आणि स्वर एकमेकांना इतके चिकटतात की चार वाद्यं आहेत की चाळीस, कळेनासं होतं. मधे एका जागी ते हळू आवाजात एकत्र थांबतात. याला आइव्ह्ज गुप्त खलबत म्हणतो. खलबतातून निष्पन्न काय, तर उत्तर सापडत नाही हे लक्षात येतं आणि ते प्रश्नाचीच टिंगल सुरू करतात. ट्रम्पेटच्या वाक्याचे लचके त्यांच्या तोंडी येतात, वेडावून दाखवल्यासारखे. तुम्हाला किंचाळणं ऐकू आलं ते हे. माणसाला उत्तर येत नसलं की तो विचारणाऱ्यावर कसा उखडतो, हे मी शब्दांवाचून याहून अचूक कुठे ऐकलेलं नाही.

नेमक्या याच क्षणी पडद्यामागे आमची कसोटी लागते. पहिल्या वेळी मी त्यात नापास झाले, ते सांगते. म्युट लावून अतिशय हळू वाजवायचं म्हणजे बो (गज) तारेवरून मुंगीच्या चालीने न्यायचा, दाब अजिबात नाही, पण आवाज तुटता कामा नये. एका कॉर्डला अख्खा बो पुरवायचा. दोघींनी एकाच वेळी बो बदलला तर जोड ऐकू येतो, म्हणून शेजारणीशी आधीच ठरवून आळीपाळीने बदलायचा. पंखे बंद, घाम मानेवरून हनुवटीखाली. आणि समोरून, पडद्यापलीकडून, फ्लूट भडकलेले. माझ्या उजव्या हाताने मला न विचारताच उत्तर दिलं. बो वेगाने सरकला, दाब वाढला, आवाज फुगला. फार नाही, पण आमच्या लीडरने मान न वळवता डावी भुवई उचलली. तालमीनंतर ती एवढंच म्हणाली, ‘तू त्यांचं ऐकत होतीस.’

आम्हा वादकांना आयुष्यभर एकच शिकवलेलं असतं: शेजाऱ्याचं ऐक, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घे, तो चढला की तू चढ. चौघांच्या क्वार्टेटमध्ये तर त्यावाचून गत नाही. साथसंगतीचं सगळं शास्त्रच ते. इथे ती सवय मोडावी लागते. कानावर पडतंय, पण हाताने त्याची दखल घ्यायची नाही. मला ते जमायला तीन तालमी लागल्या. शेवटी मी फ्लूटचा आवाज रस्त्यावरच्या वरातीसारखा जाऊ द्यायला शिकले आणि लक्ष फक्त बोच्या केसांवर ठेवलं. मग लक्षात आलं की आइव्ह्जने ‘यांना काही ऐकू येत नाही’ असं लिहिलंय ते वादकाला दिलेलं अगदी व्यवहारी मार्गदर्शन आहे. म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: कुणाचंच नाही. श्रोत्याला जी अथांग शांतता वाटते ती आमच्या या न ऐकण्यातून तयार होते. मागची तंतुवाद्यं तसूभर जरी हलली तरी ती शांतता नाटकी होते. काही कंडक्टर फ्लूटच्या अखेरच्या उद्रेकात तंतुवाद्यांना थोडं उचलतात, परिणाम वाढावा म्हणून. मला ते साफ नामंजूर आहे.

वेळेच्या बाबतीतही आइव्ह्जने अशीच मोकळीक दिली आहे. फ्लूटची उत्तरं स्वरलिपीत लिहिलेल्या नेमक्या जागीच पडली पाहिजेत असं नाही. त्यामुळे दर प्रयोगात ती तंतुवाद्यांच्या वेगळ्या कॉर्डवर पडतात. आम्ही आत कंडक्टरशिवाय, लीडरच्या श्वासावर वाजवतो आणि बाहेरचा कंडक्टर फक्त फ्लूटकडे बघतो. ट्रम्पेटलाही म्युट लावायचा, सभागृह फार मोठं असेल किंवा तंतुवाद्यं बरीच असतील तरच काढायचा, ही आणखी एक सूचना. ती पाळली नाही तर प्रश्न हुकूम वाटू लागतो.

आवृत्त्यांबद्दल एकच: आज सहसा वाजते ती १९३०च्या दशकात आइव्ह्जने हात फिरवलेली आवृत्ती. त्याने तंतुवाद्यांची सुरुवात लांबवली आणि फ्लूट आणखी बोचरे केले. कंडक्टर मायकल टिल्सन थॉमसने शिकागो सिम्फनी या वाद्यवृंदाबरोबर मूळ आणि सुधारित अशा दोन्ही आवृत्त्या ध्वनिमुद्रित केल्या आहेत. लागोपाठ ऐका, फ्लूटमधला फरक लगेच कळेल. त्यानंतर आइव्ह्जनेच हिची जोडीदार म्हणून ठेवलेली ‘सेंट्रल पार्क इन द डार्क’ ऐका. तिथे रात्रीचा अंधार तंतुवाद्यांकडे आहे आणि शहराचा गोंगाट बाकीच्यांकडे.

चौथ्यांदा ऐकाल तेव्हा एक करा. इयरफोन काढा. आवाज असा लावा की सुरुवातीची तंतुवाद्यं जेमतेम ऐकू येतील, आणि मग बटणाला हात लावू नका. आधी कानाला फक्त त्यांच्यापाशी ठेवा. ट्रम्पेट आलं तरी तिथेच राहा, फ्लूट आले तरी तिथेच. त्यांच्या कोलाहलात तंतुवाद्यं बुडतील. बुडू द्या. फ्लूट एकदम थांबतात तेव्हा ती पुन्हा ऐकू येतात आणि ती मध्ये एक क्षणही थांबलेली नव्हती, हे तेव्हा कळतं.

शेवट लागत नाही म्हणालात, तर तो आतून कसा असतो ते सांगते. मेकअपच्या खोलीतला तो प्रयोग. ट्रम्पेटवर गोव्याचा एक तरुण होता, तीन पिढ्या बँडमध्ये वाजवणाऱ्या घरातला. त्याने सातव्यांदा विचारलं, आधीच्या सहा वेळांइतकंच सरळ. आमच्याकडे जी मेजरची शेवटची कॉर्ड आणि माझ्याकडे बोचं वीतभर टोक. ते संपेपर्यंत आवाज राहायला हवा आणि कधी संपला ते कळता कामा नये. बो थांबला तरी आम्ही कुणी तो तारेवरून उचलला नाही. उघड्या दारातून सभागृहाचा अंधार दिसत होता. कुणीतरी खुर्चीत सावरून बसलं, त्याची कुरकुर आली. टाळी वाजली नाही. लीडरने बो खाली घेतला तेव्हा कुठे मी श्वास सोडला. बाहेर अजूनही कुणी टाळी वाजवली नव्हती.